आतली कडी

दिवा राहू दे. भुताची गोष्ट आहे म्हणून दिवा घालवायचा, ही नाटकं मला चालत नाहीत. ज्याला भीती वाटायची त्याला ती उजेडातही वाटते. आणि इंजिनियरसाहेब, तो मोबाइल उपडा ठेवा. मधेच "मामा, याच्यामागे काहीतरी कारण असणार" असं म्हणायचं नाही. कारण मला सापडलं असतं तर मी कशाला सांगत बसलो असतो? जेवून गुपचूप झोपलो असतो.

ही गोष्ट कुणाकडून कुणाकडे आलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं चष्म्याचं दुकान आणि माझं हार्डवेअरचं, मध्ये एक भिंत. सगळा बाजार त्याला चष्मेवाला म्हणतो. आपणही तेच म्हणू.

डिसेंबरातला तिसरा शनिवार. मी शटर अर्धं खाली ओढून गल्ला मिटवत होतो. चष्मेवाला वाकून आत आला आणि काउंटरपाशी उभा राहिला.

"एक कडी दे."

"कसली?"

"दाराची. आतून लावायची."

"अरे, कडी म्हणजे काय एकच असते? बोल्ट देऊ, अल्ड्रॉप देऊ? दार कसलं आहे?"

"फ्लशचं, सपाट. नवीन आहे. तुझ्याकडची सगळ्यात मजबूत दे. एका रात्रीपुरती हवीय."

"एका रात्रीपुरती? मी कड्या भाड्याने देत नाही, बाबा."

एरवी हा माणूस माझ्यावर दोन टोले ठेवून द्यायचा. त्या दिवशी हसलासुद्धा नाही. मी जाडजूड बोल्ट काढला, स्क्रू मोजून कागदात बांधले. त्याने स्क्रू ड्रायव्हरही मागून घेतला.

"कुठे लावतोयस?"

"आईच्या खोलीला. आज मी झोपणार आहे तिथे."

"एका रात्रीसाठी एवढी कडी कशाला?"

हे मी नाही विचारलं, ही धाकटी आत्ता विचारतेय. दम धर की जरा. सांगतोच आहे.

त्याच्या वडिलांनी बांधलेलं दुमजली घर होतं, बस डेपोच्या मागच्या रस्त्याला. वडील कोर्टात बेलिफ. लोकांच्या घरी जप्ती घेऊन जायचे. उंच, ताठ माणूस. त्यांच्या तोंडून "जरा" हा शब्द कुणी ऐकला नाही. जरा बस, जरा थांब, असलं काही नाही. बस. थांब. शेवटी शेवटी त्यांची स्मृती गेली. रात्री घरभर फिरायचे, भिंतींना दम द्यायचे. मग एका थंडीच्या सकाळी पॅसेजमध्ये पडलेले सापडले. बायकोच्या खोलीसमोर. सगळे म्हणाले, रात्री उठले असतील, तोल गेला असेल. त्याला आता बरीच वर्षं झाली.

मागे राहिल्या काकू. काकू म्हणजे चष्मेवाल्याची आई. एवढंसं शरीर, पण जिभेला धार. मी पन्नाशीचा झालो तरी मला बघून म्हणायच्या, "आलास? पाय पुसून ये, हे काय तुझं गोडाउन आहे?" मुलाला कायम ठोंब्या. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. चष्मेवाला दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहतो, वहिनी आणि दोन मुलं. आईला हजारदा म्हणाला असेल, माझ्याकडे चल. तिचं उत्तर ठरलेलं. "तुझ्याकडे मला उशी टाकायला जागा नाही. आणि कुणाच्या पायाशी झोपायची मला सवय नाही."

मग एकदा काकू न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण दुपारपर्यंत तशाच. नळ चालू, पाणी अंगाखालून वाहतंय. शेजारणीला आवाज गेला म्हणून निभावलं.

नेमकी तेव्हाच एक सिस्टर जागा शोधत होती. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून म्हाताऱ्या माणसांसाठी केअर सेंटर काढायचं होतं तिला. बाई चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही लगेच तिच्या डोक्यावर खापर फोडाल. चष्मेवाल्याने तिला घर भाड्याने दिलं. अट एकच. पहिला बेड आईचा, आईच्याच खोलीत. घराला भाडं आलं, आईला चोवीस तास माणसं मिळाली, आणि आईचं घरही सुटलं नाही. बाजारात सगळे म्हणाले, काय डोकं चालवलंस!

काकूंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ठीक आहे. येऊ देत तुझे म्हातारे. पण माझी खोली माझी. माझं दार माझं. त्याला कुणी हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल, आई."

असं म्हणाला तो. मग आला काकूंचा मोतीबिंदू. डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि इकडे घरात कामगार घुसले. म्हाताऱ्यांसाठी घर करायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते बघून मी थक्क झालो, माल माझ्याच दुकानातून जात होता ना. व्हीलचेअर जायला हवी म्हणून सगळे उंबरे फोडले. दारं अरुंद पडत होती म्हणून चौकटी काढल्या, रुंद केल्या, पांढऱ्या सनमायक्याची नवी दारं बसवली. पॅसेजला दोन्ही बाजूंनी धरून चालायला स्टीलच्या नळ्या. काकूंचा जुना डबल बेड माळ्यावर गेला, त्याच्या जागी लोखंडी पलंग आला, कडेला कठडे असलेला.

आणि एकाही दाराला आतून कडी नाही.

तुम्ही अशा कुठल्याही सेंटरात जाऊन बघा. आत कडी नसते. संडासालाही नसते. मी सिस्टरला विचारलं होतं. ती म्हणाली, "आधीच्या ठिकाणी एक आजोबा होते. आतून कडी लावली आणि पडले. आम्ही बाहेरून दार तोडतोय आणि ते आतून म्हणतायत, घाई करू नका. घाई करू नका म्हणता म्हणता गेले. तेव्हाच ठरवलं, माझ्या सेंटरात कडी ठेवायची नाही." आता यावर काय बोलणार?

काकू परत आल्या त्या काळा चष्मा लावून. हाताने चाचपत खोलीत गेल्या. दार लोटलं. आणि हात वर नेला, कडी असायची तिथे. दार गुळगुळीत. हात खाली नेला, पुन्हा वर नेला. मी तिथे होतो, सामान घेऊन गेलो होतो.

"माझी कडी कुठाय?"

सिस्टर गोड आवाजात म्हणाली, "आजी, आता कडीची गरज नाही. आम्ही आहोत ना रात्रभर."

"आजी कुणाला म्हणतेस? मी तुझी घरमालकीण आहे." मग मुलाकडे वळल्या. "घर माझं, भाडं तुला, आणि माझी कडी या बाईच्या ताब्यात. वा! चांगला व्यवहार केलास, ठोंब्या."

"आई, सगळीकडे हाच नियम असतो. तुझ्याच भल्यासाठी."

काकू काही बोलल्या नाहीत. आणि काकू बोलल्या नाहीत की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

त्या रात्रीपासून सुरू झालं. दिवसा काकू चोख. पेपर वाचायच्या, स्वयंपाकिणीच्या चुका काढायच्या, हॉलमधल्या म्हाताऱ्यांना पत्त्यांत हरवायच्या. आणि मध्यरात्र उलटली की ओरडणं. "जा! जा म्हणते ना!" सगळं घर जागं व्हायचं. दाराला खुर्ची लावून ठेवायच्या, सिस्टर खुर्ची काढायची. मग त्या स्वतःच दाराला पाठ लावून जमिनीवर बसायला लागल्या, पाय समोरच्या पलंगाला टेकवून. एकदा तर त्यांना उचलायला दोन बायका लागल्या.

डॉक्टरने गोळी दिली. गोळीने ओरडणं थांबलं, पण झोप लागली असं नाही. चष्मेवाला सकाळी गेला की काकू डोळे उघडे ठेवून पडलेल्या. म्हातारं माणूस ओरडलं की गोळी. गप्प झालं की म्हणायचं, बघा, लागू पडली. कुणी खाली बसून विचारत नाही, बाई गं, तुला दिसतं तरी काय?

शेवटी सिस्टरने चष्मेवाल्याला ऑफिसात बोलावलं. म्हणाली, "दादा, मला वाईट वाटतं. पण बाकीचे पेशंट झोपत नाहीत. आठवडाभरात फरक पडला नाही तर त्यांना इथे ठेवता येणार नाही. मानसिक आजाराचं वेगळं ठिकाण असतं, मी पत्ता देते."

म्हणजे बघा. आईने घर सोडू नये म्हणून ज्याने घर दिलं, त्याच्याच आईला त्या घरातून काढायची वेळ आली. आणि तेही वेडी ठरवून. तो तिथून उठला, सरळ आईच्या खोलीत गेला, आणि खाली जमिनीवर बसला.

"आई, रात्री कोण येतं?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "सुचलं का विचारायला?"

"सांग ना."

"तुझे वडील."

त्याने दाराकडे पाहिलं.

"आत्ताच यायला लागलेत असं नाही. ते गेल्यापासून रोज येतात. दार ढकलतात. कडी असायची, दार हलायचं नाही, थोड्या वेळाने जायचे. सवय झाली होती मला. नळ टपकत असला तरी माणूस झोपतो, तसं. तू कडी काढलीस."

"आत येऊन काय करतात?"

"काही नाही. पलंगापाशी उभे राहतात. वाट बघतात."

"कशाची?"

"मी उठून चालू लागावं, याची."

चष्मेवाल्याने तिचा हात धरला. ती म्हणाली, "आधी ऐक. मग हात धर. ते गेले त्या रात्री मी जागी होते. दाराबाहेरून हाका मारत होते. बराच वेळ. मी उघडलं नाही."

"का, आई?"

"आदल्या आठवड्यात त्यांनी माझा गळा दाबला होता. मी तुला दाखवला गळा. तू डॉक्टरला काय सांगितलंस? हल्ली थोडे चिडतात."

तो एवढंच म्हणाला, "आज मी झोपतो इथे. तुझ्या पलंगावर. तू हॉलमध्ये झोप, तिथे रात्रपाळीची मावशी असते, चार माणसं असतात. मला बघू दे. काही दिसलं तर तुला मी उद्याच्या उद्या घेऊन जातो. जागा नसली तर दुकानात झोपेन मी."

"आणि नाही दिसलं तर?"

तो फरशीकडे बघत राहिला. काकू म्हणाल्या, "झोप. पण कडी लावून. कडीशिवाय या खोलीत मी तुला रात्र काढू देणार नाही. आणि बाहेरून कुणीही येवो, काहीही म्हणो, उजाडेपर्यंत उघडायचं नाही. काय म्हणाले मी?"

"उजाडेपर्यंत उघडायचं नाही."

"कुणीही म्हटलं तरी."

"कुणीही म्हटलं तरी."

सिस्टरने कुरकुर करत एका रात्रीची परवानगी दिली, सकाळी काढून टाकायच्या बोलीवर. तर ती ही कडी. मी दिलेली.

पुढचं त्याच्या तोंडून ऐकलंय मी, एकदाच. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

दुकान बंद करून तो गेला. काकूंना हॉलमध्ये खिडकीजवळचा बेड दिला होता. त्याने त्यांच्या अंगावर दोन ब्लँकेटं घातली. "ठोंब्या, स्क्रू नीट पिळ," एवढंच त्या बोलल्या आणि कूस वळवली. त्याने खोलीत जाऊन बोल्ट बसवला. खांद्याने दार ढकलून पाहिलं. पक्कं. मग कठडा खाली करून पलंगावर आडवा झाला.

तुम्हाला वाटेल, काळोख असेल, वारा असेल. काही नाही. टिपूर चांदणं होतं. पॅसेजच्या टोकाला खिडकी आहे, तिथून चांदणं आत येतं. उंबरा फोडलेला, त्यामुळे दाराखाली बोटभर फट. त्या फटीतून पांढरी रेघ खोलीत पडलेली. हॉलमधून कुणाचं तरी खोकणं. वरच्या मजल्यावर पावलं, रात्रपाळीच्या मावशींची. वर एका बाईंना उलट्या होत होत्या, मावशी त्यांच्यापाशी होत्या.

त्याला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. खोकणंही नाही. त्याने फटीकडे पाहिलं.

रेघ तुटली होती. मध्ये दोन ठिकाणी काळी.

कुणीतरी दाराशी उभं होतं.

मग दार हललं. वाजवलं नाही कुणी. नुसतं ढकललं. सावकाश. बोल्ट त्याच्या खोबणीत सरकला तेवढा सरकला, कट्... आणि अडला. दाब तसाच राहिला. बराच वेळ. मग सुटला.

पुन्हा.

कट्...

तो उठून बसला. त्याला वाटलं, हाक मारावी, कोण आहे विचारावं. त्याऐवजी त्याने मोबाइल घेतला आणि मावशींना फोन लावला. फोन वाजलेला त्याला ऐकू आला. खालीच, स्वयंपाकघरात. चार्जिंगला लावलेला. वाजला, वाजला, बंद झाला.

दारावरचा दाब सुटला. फटीतली रेघ पुन्हा सलग झाली.

त्याने श्वास सोडला. मनात म्हणाला, खरं बोलत होती आई. सगळं खरं. उद्या न्यायचं तिला.

आणि तेव्हा बाहेरून आवाज आला.

"अरे..."

आईचा.

"अरे, उघड. मी आहे."

तो पलंगावरून उतरला. दोन पावलं गेला. थांबला.

"उघड रे बाळा. थंडी वाजतेय मला."

बाळा.

जन्मात कधी ती त्याला बाळा म्हणाली नव्हती.

"उघड ना रे. ते मागे उभे आहेत. लवकर उघड... मी हात जोडते तुझ्यापुढे. पाया पडते रे तुझ्या..."

आणि आता लक्ष द्या, त्याच्या मनात काय आलं ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलंय. त्याच्या मनात आलं, ही माझी आई नाही. माझी आई कुणाच्या पाया पडत नाही. बाथरूममध्ये हाडं मोकळी होईस्तोवर पडून राहिली, तरी शेजारणीला म्हणाली, "काही नाही, घसरले जरा." ही बाई विनवते. ही ती नाही. हा आवाज तेवढा तिचा आहे. आणि तिनेच सांगितलंय. कुणीही म्हटलं तरी.

तो उभा राहिला. कानांवर हात ठेवले.

बाहेर विनवणं चालूच. कमी होत गेलं. मग नुसता श्वास. मग तोही नाही.

त्याने हात काढले.

काहीच आवाज नव्हता.

काहीच...

आणि मग अगदी दाराला लागून, खालच्या आवाजात, बोलणं. त्याच्याशी नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं. त्याच धारेच्या आवाजात, रोजच्या.

"नाही उघडणार तो. मीच सांगितलंय त्याला."

थोडं थांबून...

"चला. मी येते. त्याला नका हात लावू."

ती आई होती. आता शंका नव्हती. पहिल्या शब्दापासून तीच होती.

तो दाराशी गेला. हात बोल्टवर ठेवला. बोल्ट थंडगार.

त्याचा हात तिथेच राहिला.

उजाडेपर्यंत.

...

काय गं, रडतेस का? नाही? बरं.

नको विचारूस. मीही विचारलं नव्हतं. का नाही ओढला बोल्ट, असं कुणालाही विचारता येतं. तू आज विचारशील, मी तेव्हा विचारू शकलो असतो. त्याने नुसता हात पुढे केला आणि मला दाखवला. तेवढंच.

खिडकी पांढरी झाली तेव्हा त्याने बोल्ट सरकवला. दार आत उघडतं. उघडलं तशा काकू आत आल्या. पाठीवर. दाराला पाठ लावून बसल्या होत्या, पॅसेजकडे तोंड करून. दोन्ही हात दोन बाजूंना चौकटीला धरलेले, बोटं तशीच वाकडी. डोळे उघडे. अंगावर ब्लँकेट नव्हतं, पाय उघडे, बर्फासारखे.

डॉक्टर आले. थंडी, वय, हृदय. सगळे शब्द बरोबर होते.

सिस्टरने मावशींना फैलावर घेतलं. पेशंट बेडवरून उठते, रात्रभर पॅसेजमध्ये बसते, आणि तुम्हाला पत्ता नाही? मावशी रडत होत्या. म्हणाल्या, "मी उतरले होते, सिस्टर. बेड रिकामा दिसला म्हणून पॅसेजकडे बघितलं. दाराशी दोघं उभे होते. पाठमोरे. एक उंच, एक आजी. मला वाटलं, मुलगा आहे. आईला खोलीत नेतोय. म्हटलं, मायलेकरांच्या मध्ये कशाला जा... म्हणून मी परत वर गेले."

चष्मेवाला तिथेच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

तो माझ्या खांद्याला लागतो उंचीला. तुम्ही पाहिलंय त्याला.

दुपारी काकूंना घेऊन गेले. घरात माणसांची ये-जा चालली होती. सिस्टरने मला बाजूला घेतलं. तिचाही चेहरा उतरलेला. म्हणाली, "भाऊ, तेवढा बोल्ट काढून घ्या. हॉलमधल्या लोकांनी बघितला तर आम्हालाही हवा म्हणतील." ज्या सुताराने दारं बसवली होती तो तिथेच होता, खबर ऐकून आलेला. आम्ही दोघं खोलीत गेलो. त्याने स्क्रू काढले. भोकं बुजवायला पुट्टी लावायची म्हणून दार लोटून घेतलं, आणि बाहेरून काही फुटलंय का ते बघायला पॅसेजमध्ये गेला.

बराच वेळ झाला, आला नाही.

मी दार उघडून बाहेर गेलो. तो दाराकडे बघत उभा होता.

"हे दार माझं नाही," तो म्हणाला.

"तूच बसवलंस की. माझ्याकडूनच सनमायका नेलास."

"मी नवं दार बसवलं होतं."

मग मी पाहिलं.

पांढरा सनमायका एका जागी पार झिजून गेला होता. खालचं लाकूड उघडं पडलेलं, आणि तेही झिजून खोलगट, काळपट, तेलकट, गुळगुळीत. ओरखडा नाही, फुटलेलं नाही. माझ्या काउंटरची कड आहे ना, वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं हात टेकून उभी राहतात, ती जशी झाली आहे तशी. तळहात बसेल एवढी जागा. उंच माणसाच्या छातीशी येईल अशी.

आणि तिच्या शेजारी, हातभर खाली, दुसरी. तशीच खोल. तशीच जुनी.

लहान तळहाताची.